शाई दुसऱ्या रविवारी

वासंती गावडेवर अन्याय झाला तो एकोणीसशे त्र्याऐंशी सालच्या जुलै महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी पावणेबारा वाजता. त्या वेळी सरकारी कचेरीच्या सात नंबरच्या खिडकीतून तिचा शिक्षणकर्जाचा अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत चार शब्द होते. ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त. नामंजूर.’ तिचे वडील गिरणी कामगार. संप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात त्यांच्या पगाराचा एक पैसा घरात आला नव्हता.

हा मजकूर मी तेव्हाच्या पत्रकातही लिहिला होता. घाटकोपर पश्चिमेला डोंगरावरच्या चाळींमधून दारोदार फिरून ते पत्रक आम्ही वाटलं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण त्यात एक माणूस नव्हता आणि एक रविवार नव्हता. ते दोन्ही मी वगळले होते.

माणूस म्हणजे आमच्या शाळेचे हेडक्लार्क. शाळेत क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, तसं त्यांनाही सगळे भाऊसाहेब म्हणायचे. मुख्याध्यापक बदलले, शिक्षक बदलले, भाऊसाहेब ऑफिसातल्या त्याच टेबलाशी. बारीक चण, पांढरे केस, मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर. शर्टाच्या दुसऱ्या बटणाला जाड दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला खोडरबर. लोक रबर मागून नेतात आणि परत देत नाहीत, म्हणून त्यांनी ते स्वतःलाच बांधून घेतलं होतं. ज्याला खोडायचं असेल त्याने भाऊसाहेबांच्या छातीशी वाकून खोडायचं. पोरं फार हसायची. मीही हसलोय.

दर रविवारी सकाळी नऊ ते बारा ते शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसत आणि लोकांचे शिक्षणकर्जाचे अर्ज भरून देत. सरकारची बिनव्याजी कर्जाची योजना होती. पोरगं हुशार हवं, घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवं, जामीनदार हवा. व्याज सरकार सोसणार, मुद्दल पोराने नोकरी लागल्यावर हप्त्याहप्त्याने फेडायचं. कागदावर योजना चांगली होती. पण तो कागद डोंगरावर कुणी घेऊन येत नव्हतं. भाऊसाहेब कचेरीतून कोरे फॉर्म आणायचे आणि दहावीचा निकाल लागला की पास झालेल्या पोरांच्या घरी स्वतः जायचे. त्यांना त्याचे कुणी पैसे देत नव्हतं. अर्ज केलेल्या घरचा चहासुद्धा ते घेत नसत. पाणी घेत.

त्यांची एक पद्धत होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती. पहिल्या रविवारी अर्ज पेन्सिलने भरायचा. तो घरी न्यायचा, आठवडाभर ठेवायचा. दुसऱ्या रविवारी आई, बाप आणि पोर अशा तिघांनी यायचं. पोराने अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा. आईने ऐकायचा. मग भाऊसाहेब उठून नळावर हात धुऊन येणार आणि शाईने लिहिणार. आई आलेली नसेल तर अर्ज पुढच्या रविवारवर.

“सरकारला आईची सही लागत नाही ओ, भाऊसाहेब,” लोक कुरकुरायचे.

“सरकारला नाही लागत. मला आई लागते. अर्जातलं खोटं बाप लिहितो, आई पकडते.”

हे मी स्वतः पाहिलंय. सायकलच्या दुकानाचा एक मालक, ‘स्थावर मालमत्ता’ या रकान्यात त्याने ‘नाही’ लिहिलं होतं. पोरगं वाचत वाचत तिथे आलं आणि त्याची आई फिस्सकन हसली. “मग गावचं घर काय माझ्या बापाचं?” भाऊसाहेबांनी छातीवरचं रबर त्या माणसापुढे धरलं. त्याने वाकून खोडलं. कर्ज त्याच्या मुलाला तरीही मिळालं. गावच्या घराने काही अडत नव्हतं, पण खोटं उघडं पडलं असतं तर अडलं असतं.

कुठल्याही अर्जात ते ‘गरीब’ हा शब्द लिहू देत नसत. कुणी सोबत ‘आम्ही अत्यंत गरीब असून’ असं पत्र जोडून आणलं, की ते बाजूला काढून ठेवायचे. “हे कर्ज आहे. फेडायचंय. फेडणारा माणूस रडत मागत नाही.”

कचेरीत जाताना ते स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन जायचे. खिडकीसमोर तासन्‌तास उभं राहावं लागे, आणि बसायला मागितलं तर जागा नाही म्हणत. भाऊसाहेब सात नंबरच्या खिडकीसमोर स्टूल उघडून बसले की आतल्या कारकुनाला फक्त पांढरे केस आणि वर धरलेला कागद दिसायचा.

“अहो काका, उभे राहा ना. दिसत नाही.”

“मी दिसायला आलो नाही. कागद दिसतोय ना?”

कचेरीतल्या शिपायाला ते ‘साहेब’ म्हणत आणि साहेबाला नुसतं ‘अहो’. कारण विचारलं तर म्हणायचे, फाईल कोण उचलतं ते बघा.

जामीनदार मिळाला नाही तर ते स्वतः जामीन राहत. एकदा मुख्याध्यापकांनी त्यांना ऑफिसात सगळ्यांसमोर झापलं. किती पोरांना जामीन राहिलात, तुमचा पगार काय, पोरं पळाली तर काय कराल? भाऊसाहेब म्हणाले, “पोरं पळतील. मी कुठे जातोय?”

आता माझ्याविषयी, लागेल तेवढंच. मी त्याच शाळेतून बाहेर पडलेला, तेव्हा बाविशीतला. संपाच्या काळात कामगारांसाठी पत्रकं लिहायचो, स्टेन्सिल कापायचो, वाटायचो. मला भाऊसाहेबांचे अर्ज पटायचे नाहीत. मी त्यांच्याशी व्हरांड्यात उभ्याने भांडायचो.

“शिक्षण फुकट मिळायला पाहिजे, भाऊसाहेब. हक्क आहे तो. कर्ज कसलं देतायत? आणि तुम्ही त्यांचे फॉर्म वाटताय.”

“होईल की फुकट. कधी होईल?”

“लढलो तर होईल.”

“लढा. तोपर्यंत ही यंदा पास झालीय, हिचं काय करू?” असं म्हणून ते रांगेतल्या एखाद्या पोरीकडे पेन्सिल दाखवायचे. मला ते ‘पत्रकवाले’ म्हणायचे. “या पत्रकवाले. बसा. हा रकाना जरा वाचून दाखवा, माझे डोळे गेलेत.”

डोळे खरंच जात चालले होते. त्यामुळे मी रविवारी तिथे जाऊन बसायला लागलो. भांडत भांडतच. लोकांना वाटायचं मी त्यांचा मदतनीस आहे, आणि खरं सांगायचं तर तसाच होतो.

वासंती शाळेत पहिली आली होती. तिला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जागा मिळाली. तेव्हा त्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. फी, ड्रॉइंग बोर्ड, पुस्तकं, बसचा पास, सगळं त्या कर्जावर अवलंबून. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मंजुरीचं पत्र दाखवलं की जागा पक्की होणार होती. गावडे मूळचे कणकवलीकडचे. घर चालत होतं ते वासंतीच्या आईच्या डब्यांवर. आठ-दहा एकट्या माणसांना ती जेवण करून द्यायची.

पहिल्या रविवारी भाऊसाहेबांनी वडिलांच्या उत्पन्नाच्या रकान्यात पेन्सिलने शून्य लिहिलं आणि आईचं डब्यांचं उत्पन्न त्याखाली. गावडे काही बोलले नाहीत. अर्ज घरी गेला.

त्या आठवड्यात भाऊसाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. शनिवारी ते मला म्हणाले, “उद्या मी हॉस्पिटलात. गावड्यांचा अर्ज थांबणार नाही, सोमवारी द्यायचाय. तुम्ही शाईने लिहा. हात धुवा. आणि वाचून घ्या.” बटणाचा दोरा सोडून त्यांनी रबर माझ्या हातात दिलं. “वाचून घ्या,” परत म्हणाले.

रविवारी अकराला माझी सभा होती. शाळेच्या व्हरांड्यात वाट बघायला मला वेळ नव्हता, म्हणून मीच साडेनऊला गावड्यांच्या खोलीवर गेलो. त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला आमचं एक पत्रक खळीने चिकटवलेलं होतं. वरची ओळ जाड अक्षरात: ‘आम्ही बेकार नाही, आम्ही संपावर आहोत.’ ती ओळ माझी. ती तिथे बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

वासंतीची आई मागच्या बाजूला डबे भरत होती. वासंती नळावर. गावडे एकटे अर्ज समोर घेऊन बसलेले. त्यांनी शून्यावर बोट ठेवलं.

“ह्या काय? ह्या शून्य माका नको.”

“पगार येत नाही ना सध्या, काका.”

“येयत नाय, कारण मी संपार आसंय. मी बेकार नाय. गिरणीत माझो मस्टरवर नंबर आसा. तूच लिवलंस मा?” त्यांनी दाराकडे हात केला. “माझो पगार लिही. पुरो लिही.”

मी हात धुतले नाहीत. शून्य खोडलं आणि संपाआधीचा पूर्ण पगार वर्षाच्या हिशेबाने शाईने लिहिला. जोडायला गिरणीचा संपाआधीचा जुना दाखला त्यांच्याकडे होताच. लिहिताना मला वाटलं, आपण या माणसाचा मान राखतोय. मर्यादेचा आकडा मला ठाऊक होता. गिरणी कामगार मर्यादेच्या फार वर कुठे असणार, असं मनात म्हटलं. हिशेब करून पाहिला नाही.

मी उठत होतो तेवढ्यात वासंती हंडा घेऊन आली. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. तिने पेन घेतलं आणि थांबली.

“वाचायचं नाही?”

“उशीर झालाय गं. नंतर वाच.”

“भाऊसाहेबांनी बघितलंय ना?”

“हो. बघितलंय.”

तिने सही केली. मागून आई ओरडली, चाय घेऊन जा म्हणून. मी सभेला पळालो.

तीन आठवड्यांनी, त्या शुक्रवारी, अर्ज परत आला. भाऊसाहेब एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून स्वतः कचेरीत गेले होते. दुपारी त्यांनी गावड्यांना शाळेत बोलावलं, मलाही. टेबलावर अर्ज. त्यांनी तो उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि चांगल्या डोळ्याजवळ नेला. शाईच्या आकड्याखाली पेन्सिलचं शून्य अजून पुसट दिसत होतं. सबंध आयुष्य त्या माणसाने दुसऱ्यांची अक्षरं लावण्यात घालवलेलं. हा आकडा कुणाच्या हातचा, हे त्यांना विचारावं लागणार नव्हतं.

वासंतीच्या आईने अर्ज पोरीकडे दिला. “वाच गो.” वासंतीने वाचला. रकान्यापाशी आली तशी आई म्हणाली, “खंयचो पगार? दीड वर्सां पगाराचो कागद नजरेक पडाक नाय. कोणी लिवल्यान ह्या?”

गावडे जमिनीकडे बघत होते. मी कपाटाकडे.

“चूक माझी,” भाऊसाहेब म्हणाले. “वाचून घ्यायला मी नव्हतो.”

“तुमी आमच्या पोरीचा वाटोळा केलात, भाऊसाहेब,” ती बाई म्हणाली. आवाज चढवला नाही. त्यांनी मान हलवली, जणू पावती दिली.

त्यानंतर पाच वेळा ते कचेरीत गेले. स्टूल घेऊन, पट्टी लावून. आतून उत्तर एकच: पगार नाही असा मालकाचा दाखला आणा. ज्या मालकाशी दीड वर्ष झगडा चाललाय, त्याने लिहून द्यायचं की मी या माणसाला पगार देत नाही. असला नियम करणाऱ्याला लाज वाटली पाहिजे, हे मी पत्रकात लिहिलं होतं आणि आजही तसंच म्हणतो. पाचव्या खेपेला आतल्या कोणीतरी कंटाळून सांगितलं, प्रतिज्ञापत्र चालेल.

भाऊसाहेब त्याच संध्याकाळी गावड्यांच्या खोलीवर गेले. मी सोबत होतो. दारावर अजून माझी ओळ.

“गावडे, बेकार लिहायचं नाही. ‘संपाच्या काळात गेले अठरा महिने मला गिरणीकडून पगार मिळालेला नाही,’ एवढंच लिहायचं. हे खरं की खोटं?”

“खरा.”

“यात आपली मान कुठे खाली जाते?”

गावड्यांनी दारावरच्या ओळीकडे बघितलं. मग म्हणाले, “खंय जाता? नाय जायत.” आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सही करून आले.

म्हणजे वाक्य होतं. मान राखणारं आणि खरं, दोन्ही एकदम असणारं. त्या रविवारी अर्ज आईसमोर मोठ्याने वाचला असता तर पाच मिनिटांत तिथवर पोचलो असतो. प्रतिज्ञापत्र जोडलेला अर्ज सात नंबरच्या खिडकीने घेतला. घेतला, आणि वर लिहिलं, ‘चालू वर्षाची यादी बंद. पुढील वर्षी विचार व्हावा.’ तंत्रनिकेतनातली जागा दुसऱ्याला गेली.

पुढील वर्षी विचार झाला नाही, कारण पुढील वर्षी वासंती अंधेरीला एका कारखान्यात लागलेली होती. दिवसभर सर्किटच्या पाट्यांवर सोल्डरिंग करायचं. जे शिकायला जायचं होतं त्याचेच तुकडे जोडायचे, ते काय आहेत हे न कळता. घराला तिच्या पगाराची सवय झाली. धाकटा भाऊ पुढे शिकला.

पत्रक छापल्यावर मी पहिली प्रत भाऊसाहेबांना दिली होती. त्यांनी पेन्सिल काढून दोन शब्द दुरुस्त केले आणि परत केली. “बरोबर आहे,” म्हणाले. “अर्धं आहे.”

डोंगरावर बोललं जाऊ लागलं की भाऊसाहेबांचे अर्ज परत येतात. म्हाताऱ्याला दिसत नाही, कायतरी लिहितो. पुढच्या जूनमध्ये व्हरांड्यातली रांग अर्ध्यावर आली. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. गावड्यांनी सांगितलं नाही. मी मोर्चात सरकारच्या नावाने घसा फोडत होतो, पण हे एक वाक्य माझ्या घशातून निघालं नाही. ते टेबल टाकून बसत राहिले. एखाद्या रविवारी एकही माणूस आला नाही तर बारा वाजता टेबल उचलून आत ठेवत आणि घरी जात.

रिटायर झाल्यावर ते बोरिवलीला भाचीकडे राहायला गेले. इतक्या वर्षांनी, यंदा मी तिथे जाऊन आलो. सोसायटीच्या गेटजवळ, वॉचमनच्या खोलीबाहेर टेबल होतं. समोर एक जोडपं आणि त्यांचं पोर. पोरगं मोठ्याने वाचत होतं, आई ऐकत होती. भाऊसाहेबांना आता फक्त उजेड कळतो, तोही एकाच डोळ्याने. पेन्सिल आलेल्या पोराची आईच धरते. रबर त्यांच्या बटणाला.

ते लोक गेल्यावर मी म्हणालो, “भाऊसाहेब, तो गावड्यांचा अर्ज...”

“अक्षर ओळखतो मी, पत्रकवाले.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो.” मग म्हणाले, “मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा.”

मी सांगितलं. अंधेरीला, तिच्या कारखान्याबाहेर, सुटण्याच्या वेळेला. बोटांच्या टोकांवर तिच्या भाजल्याचे ठिपके आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं. शिव्या देईल असं वाटलं होतं, त्याची मी तयारी करून गेलो होतो.

“मी विचारलं होतं,” ती म्हणाली. “वाचायचं नाही का, म्हणून विचारलं होतं मी तुला.”

“हो.”

“आई अजून भाऊसाहेबांच्या नावाने बोलते. माहितीये?” मग म्हणाली, “लिही आता. तुला लिहिता येतं ना, मग लिही. माझ्या नावासकट लिही. आणि ते पहिल्यांदा आमच्या आईला वाचून दाखव.”

मागच्या रविवारी दाखवलं. गावडेही समोर होते. आईने शेवटपर्यंत ऐकलं, उठली आणि नवऱ्याला म्हणाली, “बोरिवलीक कधी जाऊचा?” ते दोघं जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडून पाणी घेतलं की चहा, तेही नाही. भाऊसाहेबांचं नाव मात्र इथे लिहू का, हे मी विचारलं होतं. ते म्हणाले, “माझं कशाला? मी अर्जदार नाही.”

तेव्हा हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगतो. मालकाच्या दाखल्याचा तो नियम अजून आहे आणि तो काढायला लावण्यासाठी आम्ही कचेरीवर येणार आहोत, तुम्हीही या. पण त्याच्याआधी एक काम करा, त्याला मोर्चा लागत नाही. तुमच्या चाळीत, तुमच्या सोसायटीत यंदा कुणीतरी पास झालंय. त्या घरी जा. अर्ज शाईने लिहिला जाण्याआधी जा. पोराला तो मोठ्याने वाचायला लावा. घाई असली तरी, सभा असली तरी, बाप नको म्हणाला तरी. उत्पन्नाच्या रकान्याशी आलं की त्याला थांबवा, आणि आईला हाक मारून विचारा, हे खरं आहे का. ती उत्तर देईपर्यंत पेन खिशातून काढू नका.